शेवंतीला दिवा लावताना : रात्र मोडायची की ऊन विकत घ्यायचे?

रस्त्याकडेच्या दिव्याखालचे सोयाबीन बहुतेकांनी पाहिले असेल. सगळे रान पिवळे पडून काढणीला येते, पण खांबाखालचा गोल पट्टा हिरवागार राहतो आणि शेंगाही नीट भरत नाहीत. त्या झाडांना खत जास्त पडलेले नसते. दिव्यामुळे त्यांना रात्रच झालेली नसते. दिवस किती तासांचा आणि रात्र किती तासांची यावर पिकाचा फुलोरा ठरतो, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू व सोयाबीनच्या प्रयोगांवरून मांडले. आज पॉलिहाऊसमध्ये शेवंतीवर जे दिवे लागतात, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

हल्ली मात्र दुकानात गेले की वेगळेच ऐकायला मिळते. "दादा, हा जांभळा ग्रो लाईट घ्या, परदेशात याच्यावरच शेती चालते." किंमत साध्या बल्बच्या कितीतरी पट. हजारोंचा खर्च करण्याआधी शेतकरी बंधूंनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. आपल्याला दिव्याकडून काम कोणते करून घ्यायचे आहे?

दिव्याची दोन कामे

दिवा पिकासाठी दोन कामे करू शकतो. पहिले काम निरोप देण्याचे. 'अजून रात्र झाली नाही' एवढेच झाडाला कळवायचे. दुसरे काम अन्न तयार करायला प्रकाश पुरवण्याचे, म्हणजे उन्हाची जागा घेण्याचे. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुपारच्या कडक उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. शेवंतीची रात्र मोडायला रोपाच्या शेंड्यावर साधारण १०० लक्स पुरतात, म्हणजे उन्हाचा हजारावा भाग. आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या पॉलिहाऊसला बहुतेक वेळा पहिल्याच कामाचा दिवा लागतो.

जांभळे दिवे दुसऱ्या कामासाठी निघाले. हॉलंडसारख्या देशात हिवाळ्यात ऊन फार कमी, म्हणून काचगृहात दिवे लावून ते भरून काढतात. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला. तिथे बंद खोलीत त्याची लागवड होते आणि सगळे ऊन विजेतूनच आणावे लागते. गांजाही शेवंतीसारखेच मोठ्या रात्रीला फुलणारे झाड. म्हणून त्याला वाढीच्या काळात रोज १८ तास प्रकाश देतात आणि फुलावर आणताना तो १२ तासांवर आणतात. आपल्याकडे एन.डी.पी.एस. कायदा, १९८५ प्रमाणे शासनाच्या परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको. सांगायचे एवढेच, की बंद खोलीसाठी बनवलेला दिवा उघड्या उन्हाच्या मुलखात डोळे झाकून घेऊ नये.

शेवंतीचे गणित

शेवंतीला रात्र मोठी मिळाली की ती कळी धरते. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा मोठा असेल तर ती नुसती वाढत राहते. पुण्याच्या पट्ट्यात जूनमध्ये दिवस जास्तीत जास्त सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा. म्हणजे दिवे नसतील तर रोप वीतभर असतानाच कळी धरू शकते. दांडी आखूड राहिली की बाजारात भाव पडतो. म्हणून लागवडीनंतर साधारण चार आठवडे, दांडी पुरेशी वाढेपर्यंत, रात्री १० ते २ असे चार तास दिवे लावतात. लांब रात्रीचे त्यामुळे दोन छोटे तुकडे होतात. यालाच रात्र मोडणे म्हणतात.

१० गुंठ्यांचे पॉलिहाऊस धरू. अडीच-अडीच मीटरवर एक याप्रमाणे १६० बल्ब बसतात. ९ वॉटचा चांगला एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन प्रकाश देतो. एकूण भार झाला १.४४ किलोवॉट आणि चार तासांना जळले पावणेसहा युनिट. त्याच जागी जुने ६० वॉटचे पिवळे बल्ब लावले तर एका रात्रीला ३८ युनिट जातात आणि प्रकाश एलईडीपेक्षा कमीच पडतो.

आता दुसऱ्या कामाचा हिशेब पाहू. झाडाच्या उपयोगाचा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात. कडक उन्हात दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल मिळतात. त्याचा फक्त विसावा हिस्सा, म्हणजे १०० मायक्रोमोल, या १० गुंठ्यांत द्यायचा म्हटला तर उत्तम एलईडी घेऊनही सुमारे ४० किलोवॉटचा भार लागतो. पाच एच.पी.च्या नऊ-दहा मोटारी एकदम चालवल्यासारखेच झाले. दहा तास लावले तर एका रात्रीला ४०० युनिट. फुलाच्या भावात हे बसते का, ते ज्याचे त्याने ठरवावे.

दिवा घेताना काय पाहावे

झाडाला रात्र झाली की नाही, हे मुख्यतः लाल प्रकाशावरून कळते. साध्या पिवळसर एलईडीत (डब्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेले असते) पांढऱ्याशुभ्र ६५०० केच्या बल्बपेक्षा लाल भाग जास्त असतो. रात्र मोडायला तोच घ्यावा. जांभळ्या दिव्यानेही रात्र मोडते, पण त्यातल्या निळ्या भागाचे पैसे उगाच जातात. शिवाय जांभळ्या उजेडात पानावरचा करपा किंवा कीड धड ओळखू येत नाही.

'फुल स्पेक्ट्रम' या शब्दावर जाऊ नये, त्यावरून प्रकाश किती ते कळत नाही. डब्यावर '१००० वॉट' असते आणि दिवा प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॉटच ओढतो, असा मालही विकला जातो. वायरमनकडून क्लॅम्प मीटर लावून खात्री करून घ्यावी. आधी चार-पाच बल्ब टांगून रात्री लक्स मीटरने मोजावे. दोन बल्बच्या मधोमध आणि बेडच्या कोपऱ्यातही मोजावे. कोपरा अंधारात राहिला की तिथली रोपे आधी कळी धरतात आणि तोडणी मागेपुढे होते.

वीज रात्री आहे का?

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच. शेतीच्या वाहिनीवर कुठे आठवड्याच्या पाळीने दिवसा-रात्री वीज येते, तर सौर वाहिनीवर ती दिवसा मिळते. दिव्याला वीज हवी मध्यरात्री. लागोपाठ काही रात्री दिवे बंद राहिले तर रोपे कळी धरतात आणि मग दांडी वाढत नाही. म्हणून महावितरणच्या शाखा कार्यालयात भार मंजुरी, दर आणि रात्रीचा पुरवठा या तिन्ही गोष्टी लेखी विचाराव्यात आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटरची सोय आधी पाहावी. पॉलिहाऊसमध्ये कायम ओल असते. पाण्यापासून सुरक्षित होल्डर, पक्के अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवल्याशिवाय दिवे सुरू करू नयेत.

दिवे बंद केल्यावर रोज किमान १२-१३ तास गच्च अंधार लागतो. हिवाळ्यात तो आपोआप मिळतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सहा ते सकाळी सात काळे कापड ओढावे लागते. शेजारच्या बेडचा उजेड इकडे येऊ देऊ नये.

ड्रॅगन फ्रूटचे उलटे

ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसाला फुलते. म्हणून हिवाळ्यात त्यावर रात्री दिवे लावून बिगरहंगामी फळ घेतात. व्हिएतनामच्या बिन्ह थुआन भागात ही पद्धत जुनी आहे. तिथले शेतकरीही ६० वॉटच्या पिवळ्या बल्बवरून ९ वॉटच्या एलईडीकडे वळले. थंडी कडक असेल तर दिवे लावूनही कळी येईलच असे नाही, म्हणून आधी दोन ओळींवर पाहावे. पण शेवंती आणि ड्रॅगन फ्रूट शेजारी-शेजारी असतील तर सावध राहावे. ज्या दिव्याने एकाला फूल येते, त्यानेच दुसऱ्याचे अडते.

ग्रामपंचायतीलाही एक विनंती. शिवाराकडेचे नवे पथदिवे बसवताना उजेड रस्त्यावर पडेल आणि रानात जाणार नाही, असे झाकण व कोन ठेवावेत. खर्च किरकोळ आहे, आणि सोयाबीनवाल्याची दर हंगामाची तक्रार मिटते.