गरोदरपणातली सर्दी आणि फ्लू : एवढं लक्षात ठेवा

● सर्दी की फ्लू? सर्दी हळूहळू चढते: शिंका, नाक गळणं, घसा खवखवणं. फ्लूत एकदम ताप भरतो, अंग ठणकतं, कोरडा खोकला लागतो. महाराष्ट्रात फ्लूची साथ पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या शेवटी जोर धरते.

● धोका का? गरोदरपणात प्रतिकारशक्ती बदलते, वाढत्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते. 2009 च्या स्वाइन फ्लूत गरोदर स्त्रिया जगभर जास्त गंभीर आजारी पडल्या.

● घरी काय करावं? आराम, कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, वाफ. तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन आणि मेडिकलवरून मागून घेतलेल्या सर्दीच्या गोळ्या नकोत. काढ्यात ज्येष्ठमध टाळलेलं बरं.

● 48 तास महत्त्वाचे: फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं दिसल्यापासून दोन दिवसांत सुरू केलं, तर सर्वाधिक उपयोगी. ते डॉक्टरच देतील.

● लस: महाराष्ट्रात 2015 पासून दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांना फ्लूची लस सरकारी दवाखान्यात मोफत देण्याची योजना सुरू झाली. आईकडून बाळालाही संरक्षण मिळतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. सोनपेठ (जि. परभणी) परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधीच आशाताईंकडे लसीची चौकशी करावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं.

● थांबू नका: धाप, छातीत दुखणं, न उतरणारा ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं: 108 ला फोन करा.