निबंध पाठ, अर्ज कोरा

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. एकदा पासबुक हरवल्याचे सांगायला एक दहावी पास मुलगा आला. ‘अर्ज लिहून दे,’ म्हटले, तर कोरा कागद हातात धरून उभाच राहिला. शाळेत ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असे निबंध त्याने पाठ करून लिहिले होते. चार ओळींचा अर्ज मात्र जमेना. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. लिखाणाचे प्रकार वेगवेगळे असतात, हे त्याला लहानपणी कोणी दाखवलेच नव्हते.

हे काम तिसरी-चौथीपासून घरीही करता येते. समजा, वस्तीतल्या नळाला चार दिवस पाणी नाही. मावशीला पत्र लिहिताना मूल मनातले लिहील. हंडा घेऊन लांब जावे लागले, शाळा बुडाली. नगरपालिकेच्या अर्जात तारीख, ठिकाण, किती दिवस पाणी नाही आणि मागणी काय, एवढेच यावे. बातमीत ‘मी’ नको. काय, कुठे, केव्हा घडले ते आधी यावे. संवादात नळावरचे भांडण येईल. आणि गोष्टीत तर नळच बोलू लागला तरी चालेल! प्रसंग एकच, पण वाचणारा आणि हेतू बदलला की लिखाण बदलते. मुलाला एवढे उमगले की निम्मे काम झाले.

पालकांनी तीन पथ्ये पाळावीत. आधी तोंडी सांगायला लावावे, मग लिहायला. प्रत्येक प्रकाराचा नमुना वाचून दाखवावा, पण उतरवून घ्यायला लावू नये. आणि पहिल्याच खेपेला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल शाई फिरवू नये. नाहीतर मूल लिहिणेच टाळते. आधी मजकूर जमू द्यावा, शुद्धलेखन नंतर पाहावे.

जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तोही शाळकरी मुलीचाच निबंध. पण पाठ केलेला नव्हे. आपल्या लोकांचे दुःख तिने स्वतः मांडले होते.

काउंटरवर कोणी ‘साहेब, एवढे लिहून द्या’ म्हणाले, तर आम्ही आनंदाने लिहून देतो. पण दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या अर्जात आपले म्हणणे निम्मेच उतरते. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढीच पालकांना नम्र विनंती.