दाताची उलटी बाजू

येवल्यात पैठणी घ्यायला आलेले जाणते गिऱ्हाईक आधी पदर उलटा करून पाहते. हातमागावरच्या अस्सल पदराची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते. तेच गिऱ्हाईक दंतवैद्याच्या खुर्चीत बसले म्हणजे केवळ आरशातली पुढची बाजू पाहून समाधान मानते.

जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात चढविण्याची विद्या स्वीडनच्या ब्रानेमार्क यांची. हा धातू सशाच्या हाडाशी एकजीव होतो, असे १९५२ साली प्रयोगांत त्यांना आढळले. १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे दात बसले. विद्येच्या खरेपणाविषयी शंका नाही. परंतु हा सांधा जुळायला साधारणतः ३ ते ६ महिने लागतात, आणि पुढे तो जन्मभर राखावा लागतो. तंबाखू, अनियंत्रित मधुमेह, हिरड्यांचा जुना रोग यांमुळे स्क्रूभोवतीचे हाड झिजू शकते, आणि दुखू लागेपर्यंत बरेच हाड गेलेले असते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मिश्रीची डबी मात्र अनेक घरांत तशीच राहिली. खुर्चीत बसलेल्या बाईला त्याविषयी कोणी विचारतो काय?

लग्नाच्या घाईत निरोगी दात घासून त्यांवर शुभ्र कवचे चिकटविण्याची हौस तर निराळीच. घासले गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही, हे आधी सांगितले तर निम्मी हौस जागीच ओसरेल.

खरी अडचण काही वर्षांनी उभी राहते. स्क्रू सैल होतो, बसविणारा डॉक्टर गाव सोडून गेलेला असतो, आणि रुग्ण नाशिक गाठतो. तेथे पहिलाच प्रश्न येतो: स्क्रू कोणत्या कंपनीचा? एका कंपनीचे सुटे भाग दुसरीच्या स्क्रूला बहुधा बसत नाहीत. रुग्णाच्या हाती असते फार तर पैशांची पावती. मग कित्येकदा चांगला रुजलेला स्क्रूही निरुपयोगी ठरतो, आणि शिक्षकाची वा कारकुनाची साठवण दुसऱ्यांदा खर्ची पडते.

दंतवैद्याची नोंदणी १९४८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. पण कागदच नसेल तर तक्रारदाराने आयोगापुढे ठेवायचे काय? कंपनीचे नाव, स्क्रूचे माप, लॉट क्रमांक आणि क्ष-किरण चित्र एवढे रुग्णाला लेखी देण्यास दवाखान्याची पाच मिनिटेही जात नाहीत. ते मागण्याचा भार रुग्णावर का असावा? रेशमी साडीला सिल्क मार्कची चिठ्ठी लागते; हाडात कायमच्या रुतलेल्या धातूला निदान तेवढी तरी हवी.