महादेवपुऱ्यातील ‘ऱ’

बेंगळुरूच्या पूर्वेस महादेवपुरा हे संगणक-उद्योगाने गजबजलेले उपनगर आहे. तेथील मराठी माणूस आपण कोठे राहतो हे लिहू लागला, की ‘महादेवपुऱ्यात’ या शब्दापाशीच त्याच्या लिनक्स-संगणकाच्या कळफलकाची परीक्षा होते. ‘ऱ्या’ऐवजी ‘र्या’ उमटला तर ‘दऱ्यां’चा ‘दर्या’ होतो, आणि आचाऱ्यांना धाडलेला निरोप आचार्यांना जातो!

डेबियन वा उबुंटू प्रणालीत ‘आयबस-एम१७एन’ हा संच प्रणालीच्या भांडारातून मागवावा. ॲप्ट हे साधन त्यास लागणारे इतर संचही आणते व भांडाराच्या डिजिटल सहीवरून त्यांचा खरेपणा पडताळते. अनोळखी ठिकाणाहून काही उतरवून घ्यावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठाच लाभ होय. नंतर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा आणि ‘सेटिंग्ज’मधील कळफलकाच्या विभागात मराठी इनस्क्रिप्ट निवडावी. ग्नोम डेस्कटॉपवर सुपर व स्पेस या कळी एकत्र दाबल्या, की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण ठरविलेल्या या रचनेत स्वर डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे आहेत. रोमन ‘जे’ची कळ ‘र’ देते. शिफ्टसह तीच ‘ऱ’ देते. मग ‘डी’च्या कळीने हलन्त द्यावा व पुढे ‘या’ लिहावा. कन्नड इनस्क्रिप्टमध्येही ‘र’ याच कळीवर आहे. त्यामुळे शेजारच्या कन्नड घरातील सरावलेल्या बोटांनाही ती शोधावी लागत नाही.