पिकअपच्या हौद्यात माउंटन बाइक
सायकल डोंगरापर्यंत धडधाकट पोहोचविण्याचे शास्त्र

कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन जमले. सुमारे दोन मैलांच्या कच्च्या रस्त्याने तेराशे फूट खाली सुसाट उतरायचे, एवढाच त्या शर्यतीचा नियम. त्या सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारे ब्रेक होते. उतार संपेपर्यंत मागच्या हबमधील ग्रीस जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही माउंटन बाइकच्या इतिहासातील मातब्बर नावे याच टोळक्यातली. या सायकली वजनाने जड होत्या आणि चढावर त्या ढकलत नेणे जिवावर येई. त्यामुळे कोणाचा पिकअप ट्रक हाताशी असला, की सायकली त्यात टाकून डोंगरमाथा गाठला जाई. माउंटन बाइक आणि पिकअप यांची सोयरीक अशी अगदी बाळपणापासूनची आहे.

पुढे सायकल बदलली. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आले, पुढेमागे सस्पेन्शन आले, पोलादाच्या जागी अॅल्युमिनियम आणि कार्बन फायबर आले. उत्तम माउंटन बाइकची किंमत भारतात काही लाखांच्या घरात गेली. दोरीने बांधून हौद्यात टाकावी, अशी ही वस्तू आता राहिलेली नाही. शिवाय वाहतुकीत सायकलीला झालेली इजा त्या क्षणी दिसत नाही. ती उघड होते ती उतारावर, वेगात असताना. म्हणूनच सायकल कशी न्यावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी त्यात हातपाय शाबूत राहण्याचा हिशेब दडलेला आहे.

अडचण फुटा-दीड फुटाची

प्रश्नाचे मूळ साध्या मोजमापात आहे. आजच्या २९ इंची चाकांच्या माउंटन बाइकच्या दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर साधारण १.२ मीटर असते. टायरसह चाकाचा व्यास ७४ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे सायकलीची एकूण लांबी झाली १.९४ मीटर, जवळपास साडेसहा फूट. अमेरिकेत पूर्वी आठ फुटी हौद्याचे पिकअप सर्रास दिसत. पण कुटुंबासाठी दोन रांगांची केबिन आली, तसा हौदा आखडत गेला आणि साडेपाच फुटांचा, म्हणजे १.६८ मीटरचा हौदा सामान्य झाला. त्यात सायकल सरळ उभी करून मागचा फाळका लावता येत नाही. तिरकी ठेवली तर मावते, परंतु मग एखाद-दुसरीच. केबिनमध्ये पाच माणसे आणि मागे दोनच सायकली, असा पेच उभा राहतो. सायकल नेण्याच्या बहुतेक तऱ्हा या फुटा-दीड फुटाच्या तुटवड्यावरचे तोडगे आहेत.

फाळक्यावरून लोंबणारी चाके

यातील सर्वांत लोकप्रिय तोडगा दिसायला ओबडधोबड आहे. मागचा फाळका बंदच ठेवायचा, सायकल उचलून पुढचे चाक फाळक्यावरून बाहेर सोडायचे आणि मागचे चाक हौद्यात टेकवायचे. सायकलीचा भार फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, म्हणजे डाउन ट्यूबवर येतो. पत्र्याची कड आणि फ्रेम यांच्यात घर्षण होऊ नये म्हणून सुरुवातीला मंडळी जुनी घोंगडी किंवा गालिचा टाकत. त्याच घोंगडीचे सुधारित रूप म्हणजे हल्ली अनेक कंपन्या विकतात तो फाळक्याचा पॅड. जाड फोमची गादी, वर मजबूत कापड, फाळक्याला आवळणारे पट्टे आणि प्रत्येक सायकलीची नळी धरून ठेवणारा छोटा पट्टा. मोठ्या पिकअपवर पाच ते सहा सायकली सहज बसतात. एकीचे हँडल उजवीकडे वळवायचे, पुढचीचे डावीकडे, की दाटीतही त्या एकमेकींत अडकत नाहीत. पाच आसने आणि पाच सायकली असा मेळ बसतो, हे या पद्धतीच्या लोकप्रियतेचे खरे कारण.

कॅनडातील व्हँकुव्हरलगतचा नॉर्थ शोअर किंवा अमेरिकेतील युटा राज्यातील मोआब अशा ठिकाणी उताराचे शौकीन वाहनाने वर जातात, सायकलीने खाली येतात आणि वाहन गाठून पुन्हा वर जातात. मोआबच्या ‘होल एन्चिलाडा’ या प्रसिद्ध मार्गावर तर पर्वतातील खिंडीपासून कोलोरॅडो नदीपर्यंत सुमारे सात हजार फुटांचा उतार आहे. अशा फेऱ्यांत दिवसातून अनेकदा सायकली चढवाव्या-उतरवाव्या लागतात. चाक न काढता वीस सेकंदांत काम उरकणारी पद्धत तिथे साहजिकच जिंकते.

या सोयीची किंमत मात्र फ्रेम मोजते. पिकअप वेगात असताना केबिनच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि कच्च्या रस्त्यावरील धूळ तो नेमकी फाळक्यावर आणून टाकतो. ही धूळ पॅड आणि नळी यांच्यामध्ये शिरली, की मऊ गादी पॉलिश पेपरसारखे काम करू लागते. तासभराच्या खडखडाटात रंग उडतो, वारंवार झाल्यास त्याखालचा थर घासू लागतो. अॅल्युमिनियमवर ओरखड्यावर भागते, कार्बनच्या नळीत मात्र धाग्यांनाच इजा पोहोचते. जाणकार म्हणूनच डाउन ट्यूबवर पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवतात आणि सायकल चढविण्यापूर्वी पॅड फडक्याने झटकून घेतात. ब्रेकची नळी किंवा गिअरची केबल फ्रेमच्या खालून बाहेरून जात असेल, तर ती पॅड आणि फ्रेममध्ये चिरडत नाही ना, हेही पाहावे लागते.

दुसरी गोष्ट मागच्या दृष्टीची. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. पिकअपमध्ये तो बहुधा फाळक्याच्या मुठीपाशी असतो आणि पॅडखाली नेमका झाकला जातो. त्यामुळे नव्या पॅडना तिथे उचलता येणारी झडप असते. ती उघडी ठेवण्यास मंडळी विसरतात, हा भाग वेगळा.

चाक काढले, तर ब्रेक सांभाळा

दुसरी पद्धत जुनी आणि सायकलीच्या दृष्टीने नेटकी. पुढचे चाक काढले, की सायकलीची लांबी चाकाच्या त्रिज्येइतकी, म्हणजे ३७ सेंटिमीटरने घटते. १.९४ मधून ती वजा केली, की उरतात १.५७ मीटर आणि साडेपाच फुटी हौद्यात सायकल सरळ उभी राहते. हौद्यात आडवा दांडा किंवा चक्क एक लाकडी फळी बसवायची, त्यावर ठोकळे स्क्रूने आवळायचे आणि सायकलीचा पुढचा चिमटा त्या ठोकळ्यांत अडकवायचा. अनेक हौशी मंडळी ही फळी घरीच करतात. फ्रेमला कुठेही स्पर्श होत नाही, फाळका लागतो, सायकल हलत नाही.

खोच आहे ती मापांत. जुन्या सायकलींच्या चिमट्यात ९ मिलिमीटरचा आस आणि १०० मिलिमीटरचे अंतर असे. नंतर १५ मिलिमीटरचे थ्रू-अॅक्सल आले. त्यातही १०० आणि ११० असे दोन प्रकार. डाउनहिलच्या सायकलींना २० मिलिमीटरचा जाड आस. ठोकळा या मापांशी जुळलाच पाहिजे. ‘थोडा सैल आहे, पण चालेल’ असे म्हणून निघालेल्याची सायकल पहिल्याच वळणावर आडवी होते.

ब्रेकचे दुखणे अधिक गंभीर. डिस्क ब्रेकमध्ये चकती दोन पॅडच्या मधून फिरते. चाक काढले, की चकती निघून जाते आणि पॅडच्या मधली जागा रिकामी राहते. प्रवासात सामान सरकून ब्रेकची मूठ दाबली गेली, तर तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतात आणि पॅड एकमेकांना चिकटून बसतात. मग चाक बसत नाही किंवा बसले तर ब्रेक सतत घासत राहतो. नव्या सायकलीबरोबर मिळणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा बहुतेक जण फेकून देतात. तो याच कामासाठी असतो. पॅडच्या मध्ये खोचून ठेवायचा. तो नसेल, तर पुठ्ठ्याची जाड घडीही चालते.

हौदा रिकामा ठेवायचा असेल, तर वाहनाच्या मागे जोडायचा रॅक हा तिसरा मार्ग. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या पिकअपना दोन इंची चौकोनी खोबण असते आणि तिच्यात रॅक बसतो. काही रॅकमध्ये सायकल चाकांवर उभी राहते, काहींत चिमट्याला धरून उभी टांगली जाते. फ्रेमला धक्का लागत नाही, उचलण्याची उंचीही कमी. वीस-पंचवीस किलोंच्या विद्युत माउंटन बाइकसाठी हा मोठाच दिलासा ठरतो, कारण तेवढे वजन छातीच्या उंचीच्या फाळक्यावर चढविणे दोघांचे काम आहे. तोटा असा, की रॅक वळवता किंवा झुकवता येण्याजोगा नसेल, तर फाळका उघडतच नाही. चारचाकी वाहन खडकाळ चढावर नेताना हे मागचे शेपूट जमिनीला टेकते, ते निराळेच.

आपल्याकडचा टेम्पो

महाराष्ट्रात चित्र थोडे वेगळे आहे. हौशी मालकांसाठीचे दोन रांगांचे पिकअप आपल्याकडे मोजकेच. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. व्ही-क्रॉससारख्या दोन रांगांच्या पिकअपचा हौदा पाच फुटांच्या आसपास, म्हणजे चाक काढूनही २९ इंची सायकल किंचित तिरकीच ठेवावी लागते. मुळशी, ताम्हिणी किंवा कोकणाकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गटांच्या सायकली बहुधा भाड्याच्या टेम्पोतून जातात. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस किंवा बोलेरो पिकअप ही त्यासाठीची नेहमीची वाहने. ‘छोटा हत्ती’चा हौदाही सात फुटांहून लांब असल्याने लांबीची अडचणच उरत नाही.

येथे घात होतो तो बांधणीत. सायकली एकमेकींवर आडव्या रचल्या, की वरचीचे पायडल खालचीच्या तारांत घुसते, डिस्कची चकती वाकते आणि मागचा गिअर आत दबतो. सायकली उभ्याच ठेवाव्यात, एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे, मध्ये गोधडी किंवा पुठ्ठा. गिअरची बाजू मोकळ्या जागेकडे. दोर किंवा पट्टा चाकांवरून आणि टायरवरून घ्यावा. कार्बनच्या नळीवर कप्पीचा पट्टा आवळणे सर्वांत वाईट, कारण ती नळी लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसते, चिरडणारा दाब मात्र सोसत नाही. हँडलवर पट्टा टाकून पुढचे सस्पेन्शन तळापर्यंत दाबून ठेवणेही टाळावे. गतिरोधकावर टेम्पो उसळला, की दबलेले सस्पेन्शन आणखी दबते, पट्टा क्षणभर सैल होतो आणि हूक निसटतो.

निसटलेली सायकल म्हणजे काय, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनातून सुटलेल्या वस्तूत जितकी ऊर्जा असते, तितकी ती वस्तू सुमारे १४ मीटरवरून खाली टाकल्यावर निर्माण होते. पंधरा किलोंची सायकल चौथ्या मजल्यावरून टाकण्यासारखेच हे. मागे बहुधा दुचाकीस्वार असतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जोडलेल्या कलम १९४ (१अ) नुसार माल अनुज्ञेय मर्यादेपेक्षा बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर आल्यास २० हजार रुपये दंड आणि तो माल उतरवून घेण्याचा खर्च अशी तरतूद आहे. फाळक्यावरून चाके बाहेर सोडणारी अमेरिकी तऱ्हा जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पॅड किंवा चाकांमुळे क्रमांकाची पाटी आणि मागचे दिवे झाकले गेले, तर तोही वेगळा गुन्हा. सायकलींची ‘राखण’ करण्यासाठी मित्राला हौद्यात बसविण्याची पद्धत तर सर्रास आहे. मालवाहू वाहनाच्या हौद्यात माणसे नेण्यास कायद्याची परवानगी नाही आणि घाटातील अपघातात सर्वांत आधी बाहेर फेकला जातो तो हाच मित्र.

पोहोचल्यावर लगेच स्वार होण्याची घाई करू नये. आडवी किंवा उलटी ठेवलेली सायकल असेल, तर ब्रेकच्या टाकीतील हवेचा बुडबुडा नळीत शिरलेला असू शकतो. सायकल काही मिनिटे सरळ उभी करून दोन्ही मुठी सावकाश दाबून पाहाव्यात. मूठ स्पंजासारखी लागली आणि दाबूनही घट्ट होईना, तर त्या दिवशी उतार घेऊ नये. चाक बसविल्यावर आस पूर्ण आवळला आहे ना, चकती न घासता फिरते ना, हँडल चाकाशी सरळ आहे ना, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूवरून बोटही फिरवून घ्यावे. नवा ओरखडा डोळ्यांआधी बोटालाच लागतो.