खाल्लेले अंगी लागते कुठे?

मराठीत अन्नाबद्दलचे वाक्प्रचार पुष्कळ आहेत. पण 'अंगी लागणे' याच्याइतका शास्त्रशुद्ध मला दुसरा आढळलेला नाही. अन्न पोटात जाणे वेगळे आणि ते अंगी लागणे वेगळे, हा भेद आपल्या आज्या-पणज्यांना पक्का ठाऊक होता. वैद्यकशास्त्राला तो नीट मोजता येऊ लागला, तो मात्र विसाव्या शतकाचा मध्य उलटल्यावर. त्या मोजणीत ज्यांनी हयात घालवली त्यांतले एक डॉक्टर, खुर्शीद जीजीभॉय, मुंबईत काम करून पुढे कॅनडात गेले. पोटाच्या विकारांचे हे तज्ज्ञ आपल्याकडे वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे कोणाला माहीत नाहीत.

मी डॉक्टर नव्हे. बँकेतून निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहितो. तरी या विषयाची गोडी लागली ती बँकेमुळेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी गोंदियात होतो. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. धानाचा, तलावांचा, विड्यांचा मुलूख. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कर्जावर दिलेल्या म्हशी पाहायला सालेकसा, देवरीकडच्या गावांत जावे लागे. एका गावी म्हैस अगदीच हाडकुळी दिसली. बाई म्हणाली, "खाते त लय जी साहेब, पन आंगाले लागतच नाही." बरोबरच्या माणसाने जंताचे औषध सुचवले. बाईच्या कडेवर दोन-अडीच वर्षांचे पोर होते. पोट पुढे आलेले, हातापायांच्या काड्या. त्याच्याबद्दल ती काही बोलली नाही. बोलायचे तर तेच वाक्य बोलली असती. आमच्या छापील फॉर्मात म्हशीच्या तब्येतीसाठी रकाना होता.

अन्न अंगी न लागण्याच्या एका जुनाट दुखण्याला आपल्याकडे संग्रहणी म्हणतात. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातले सत्त्व रक्तात जाते ते त्यांच्यामार्फत. संग्रहणीत हे अंकुर झिजून आखूड होतात. मग खाल्लेली चरबी तशीच बाहेर पडते, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, वजन उतरते, रक्त कमी होते. यातली खरी मेख पुढेच आहे. आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते आणि नव्या पेशी घडायला फोलिक ॲसिड लागते. पण ते शोषून घ्यायचे कोणी? त्याच आजारी आतड्याने! कमतरतेमुळे आतडे बिघडते आणि आतडे बिघडल्यामुळे कमतरता वाढते. थकलेल्या कर्जावर व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज, हा प्रकार मी आयुष्यभर पाहिला. तो पोटातही चालतो हे मला फार उशिरा कळले.

या फोलिक ॲसिडचा शोधही मुंबईतच सुरू झाला. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक विलक्षण रक्तक्षय दिसे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. विल्सबाईंना जंतू सापडेनात, तेव्हा त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या. परळच्या हाफकिन संस्थेत उंदीर आणि माकडांवर प्रयोग झाले आणि गुण आला तो मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने. १९३१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अर्कातले ते अनोळखी द्रव्य पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून ते वेगळे केले गेले आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज गोंदिया जिल्ह्यात सिकलसेलच्या रुग्णांना रोज जी छोटी गोळी घ्यावी लागते, ती हीच. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या सतत घडवाव्या लागतात, म्हणून.

विल्सबाईंच्या रुग्णांच्या ताटातच उणीव होती. पण ताट भरलेले असून माणूस खंगत असेल तर? १९६० च्या दशकात मुंबईत डॉ. एफ. पी. अँटिया, डॉ. एच. जी. देसाई, जीजीभॉय आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे होते. अँटियांचे आहारशास्त्रावरचे पुस्तक डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले. त्या काळी तपासणीच्या पद्धती साध्या आणि चिवट होत्या. रुग्णाला झायलोज नावाची साखर पाजायची आणि पाच तासांत लघवीतून किती उतरते ते मोजायचे; तीन दिवसांचा मळ साठवून त्यातली चरबी मोजायची. काम घाणेरडे खरे, पण मला त्यात रोजकीर्दीचा आनंद दिसतो. आले किती, गेले किती, उरले किती. उष्ण प्रदेशातल्या या विकारावरचा त्यांचा निबंध १९६६ साली अमेरिकेतल्या 'गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी' या नियतकालिकात आला. त्याच दशकात वेल्लोरला डॉ. सेल्विन बेकर आणि डॉ. व्ही. आय. माथन हे खेड्याखेड्यांत साथीसारख्या पसरलेल्या संग्रहणीचा माग काढत होते.

पुढे जीजीभॉय टोरांटोला गेले आणि १९७० मध्ये त्यांच्यासमोर अशी रुग्ण आली, की प्रश्नच उलटा झाला. रक्तपुरवठा तुटून तिचे आतडे निकामी झाले होते. अंगी लावणारे इंद्रियच नाही! शल्यविशारद बर्नार्ड लँगर आणि जीजीभॉय यांनी तिला थेट शिरेतून अन्न देण्याची सोय केली. तीही दवाखान्यात नव्हे, तिच्या घरी. रात्री नळी जोडायची, सकाळी काढून संसाराला लागायचे. ही बाई त्यानंतर सुमारे वीस वर्षे जगली.

पण शिरेतून अन्न द्यायचे म्हणजे अन्नात काय काय असते याची यादी डॉक्टरला स्वतः करावी लागते. भाकरी आणि पालेभाजी खाणाऱ्याला ती यादी कधीच लागत नाही. साडेतीन वर्षांनी तिचे वजन उतरू लागले, हातापायांच्या नसा बधिर झाल्या, रक्तातली साखर वाढली, रोज पंचेचाळीस युनिट इन्शुलिन टोचावे लागले. जीजीभॉय आणि सहकाऱ्यांनी द्रावणात रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम घातले, दोन आठवडे. नसा सुधारल्या, इन्शुलिन बंद करता आले. १९७७ साली हे प्रसिद्ध झाले. धडधाकट माणसाला क्रोमियमची खरोखर गरज असते का, यावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो योग्यच होता. पण यादी अपुरी आहे हे कळले, ते या एका बाईमुळे.

आता त्या सालेकशाच्या पोराकडे येऊ. १९६० च्या दशकात तेव्हाच्या पाकिस्तानात कामाला आलेल्या काही अमेरिकन स्वयंसेवकांची आतडी तपासली गेली. घरून खाऊन-पिऊन सुदृढ आलेले तरुण. पण त्यांचे अंकुर आखूड झालेले दिसले. मायदेशी परतल्यावर ते पुन्हा सुधारले. म्हणजे दोष वंशाचा नव्हता, पाण्याचा आणि घाणीचा असावा. मग संडास, हातधुणी आणि स्वच्छ पाणी दिले की मुले वाढतील, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले. पण बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले, तेव्हा एवढ्याने मुलांची उंची वाढली नव्हती. पूरक आहाराने ती वाढली, पण थोडीच. घराभोवतीची कोंबड्या-गुरांची घाण, अंगणातली माती, साठवलेले पाणी यांतून जंतू पोटात जातच राहतात, आणि चार भिंतींचा संडास त्यांना अडवू शकत नाही, असे आता बरेच अभ्यासक मानतात.

अंगणवाडीत मुलाला काट्यावर बसवतात, वजन-उंची लिहून घेतात आणि वजन कमी भरले की आहार वाढवतात. तो वाढवायलाच हवा. पण त्या खिचडीतले किती आत राहिले, आतड्याची भिंत कशी आहे, हे गावातल्या गावात खात्रीने सांगणारी सोपी तपासणी अजून कोणाच्या हाती आलेली नाही.