उपवास आणि उपासमार

काही वर्षांपूर्वीच्या चातुर्मासातील ही गोष्ट आहे. आमच्या तालुक्याच्या गावी उपाश्रयात नित्य प्रवचनास येणाऱ्या एका श्राविकेने एकासणी आरंभिली होती. आठ झाली, पंधरा झाली, महिना उलटला, तरी त्यांचे पच्चक्खाण चालूच होते. साध्वीजी महाराजांनी भर सभेत त्यांच्या तपाची अनुमोदना केली. आम्हीही हात जोडले आणि मनोमन त्यांच्या चिकाटीचे कौतुक केले. त्यांच्या यजमानांचे बाजारपेठेत कापडाचे दुकान होते. ते अलीकडे अर्धेच उघडे दिसे. परंतु पावसाळ्यात गिऱ्हाईक मंद असते, एवढाच अर्थ आम्ही त्यातून काढला.

एक गोष्ट मात्र माझ्या पत्नीच्या ध्यानात आली. प्रवचनानंतर प्रभावनेचा लाडू वाटला जाई, तेव्हा त्या भगिनी आपला लाडू पदरात बांधून घेत आणि किंचित घुटमळून, 'मुलांसाठी आणखी एक मिळेल का?' असे विचारीत. एकदा विचारले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. त्या रोज विचारीत. पर्युषणाच्या आधी काही निमित्त काढून आम्ही उभयता त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातील पितळी डबे लखलखीत घासलेले होते आणि बहुतेक रिकामे होते. पत्नीने हलकेच विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तप खोटे नव्हते. पण पच्चक्खाण घेतले, म्हणजे संध्याकाळी आई का जेवत नाही, हे मुलांना सांगावे लागत नाही."

हे वाक्य ऐकल्यापासून उपाश्रयातील अनुमोदनेचा प्रत्येक घोष मला निराळा ऐकू येतो. इतर घरांत भूक लपवावयास आडोसा नसतो. आपल्या घरात उपवास, एकासणे, आयंबिल, चौविहार यांची पवित्र परंपरा आहे आणि त्या परंपरेच्या आड एखाद्या घराची उपासमार सहज दडून राहू शकते. उपवास स्वेच्छेचा असतो. उपासमार परिस्थितीची असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यांतील अंतर ओळखणे हे संघाचे काम आहे.

पांढऱ्या शिधापत्रिकेचे दैन्य

जैन म्हणजे सधन, ही समजूत समाजाबाहेर जितकी रूढ आहे तितकीच समाजातही आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४४.५ लाख जैन आहेत आणि त्यांपैकी सुमारे १४ लाख एकट्या महाराष्ट्रात आहेत. त्यांत मोठे उद्योजक आहेत, तसेच कोल्हापूर-सांगलीकडील अल्पभूधारक शेतकरी आहेत, पेढीवरचे मुनीम आहेत, फेरीवर कापड विकणारे आहेत आणि पत्र्याच्या टपरीत किराणा मांडून बसलेलेही आहेत. चौदा लाखांतील प्रत्येक घरी तिजोरी भरलेली असेल, हे मानणे हिशेबी माणसाला शोभत नाही.

व्यापारी कुटुंबाची घसरण नोकरदाराच्या घसरणीहून वेगळी असते. नोकरी गेली तर निदान भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येते. दुकानदाराचे सारे संचित मालात आणि उधारीत गुंतलेले असते. उधारी वसूल होत नाही, माल जुना होतो, घाऊक व्यापाऱ्याचे देणे मात्र तारखेला उभे राहते. अशा वेळी प्रथम भांडवल जाते, मग स्त्रीधन जाते आणि सर्वांत शेवटी पत जाते. पत टिकावी म्हणून माणूस चढ्या व्याजाची खासगी रक्कम उचलतो. लग्नकार्यात आहेर पूर्वीसारखाच करतो. घरात एक वेळची चूल बंद झाली तरी दुकानाची पणती लागलीच पाहिजे, असा त्याचा हट्ट असतो. त्या हट्टाला आपण अब्रू म्हणतो.

शासनाचा हात अशा घरापर्यंत सहसा पोहोचत नाही. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबास दरडोई ५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३च्या जानेवारीपासून ते धान्य विनामूल्य मिळू लागले. परंतु महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९,००० रुपये व ग्रामीण भागात ४४,००० रुपये ठरविण्यात आली. बरे दिवस असताना एक लाखाहून अधिक उत्पन्न दाखविलेल्या दुकानदाराकडे पांढरी शिधापत्रिका असते. दिवस पालटतात, पत्रिकेचा रंग पालटत नाही. ती बदलून घेण्यासाठी पुरवठा कार्यालयात अर्ज करता येतो; पण त्या रांगेत उभे राहणे म्हणजे साऱ्या बाजारपेठेला आपले दिवाळे कळविणे, असे त्या गृहस्थाला वाटते. सार्वजनिक अन्नछत्रात जावे, तर कांदा-लसूण आणि सूर्यास्तानंतरचे जेवण हे प्रश्न उभे राहतात. म्हणून हे घर सरकारी योजनेतही बसत नाही आणि दारोदारही जात नाही. ते फक्त दार लावून घेते.

तीन अंगांचा विसर

सम्यग्दर्शनाची आठ अंगे आपण पाठशाळेत पाठ केलेली असतात. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात त्यांचे विवेचन आहे. त्यांतील उपगूहन, स्थितीकरण आणि वात्सल्य ही तीन अंगे क्रमाने येतात. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. उपगूहन म्हणजे दुसऱ्याचे उणे झाकणे; स्थितीकरण म्हणजे डळमळणाऱ्यास पुन्हा स्थिर करणे; वात्सल्य म्हणजे गाय वासराकडे धावते तसा साधर्मिकाविषयीचा निर्व्याज ओढा. शास्त्राने ही अंगे मुख्यत्वे धर्ममार्गाच्या संदर्भात सांगितली आहेत. परंतु पोटात अन्न नसलेला माणूस धर्ममार्गावर तरी किती काळ स्थिर राहील?

साधर्मिक भक्ती हे पर्युषणाच्या पाच कर्तव्यांपैकी एक आहे. राजगृहीच्या पुणिया श्रावकाची कथा आपल्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. सूत काततून मिळणाऱ्या तुटपुंज्या कमाईत दोघांचेच भागत असे. म्हणून एक दिवस पतीने आणि दुसऱ्या दिवशी पत्नीने उपवास करावा व वाचलेल्या अन्नात रोज एका साधर्मिकास जेऊ घालावे, असा त्यांचा नियम होता. आपण ही कथा सामायिकाच्या महिम्यासाठी सांगतो. तिच्यातील पानावर बसलेल्या त्या तिसऱ्या माणसाकडे आपले लक्ष जात नाही.

आणि कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहांचे काय? विक्रम संवत १३१३ ते १३१५ या काळात पश्चिम भारतात सलग तीन वर्षांचा दुष्काळ पडला. जगडूशाहांनी आधीच धान्य साठविले होते. कोठारांतील ताम्रपटांवर 'हे धान्य दुर्बळांसाठी आहे' अशा अर्थाचा मजकूर कोरलेला होता, असे सर्वानंदसूरींच्या 'जगडूचरित' काव्यात वर्णन आहे. राजे-महाराजांना पुरविलेल्या धान्याचे आकडे आपण अभिमानाने सांगतो. मला त्या चरित्रातील एक लहानसा तपशील अधिक मोलाचा वाटतो. हात पसरण्याची ज्यांना लाज वाटे, अशा कुलीन घरांसाठी त्यांनी सुवर्णनाणे आत दडविलेले मोदक वाटले. त्यांना 'लज्जापिंड' असे नाव होते. घेणाऱ्याने लोकांदेखत केवळ गोड पदार्थ घेतला. घरी जाऊन फोडल्यावर त्यास द्रव्य मिळाले. देणाऱ्याने अन्न तर दिलेच, पण त्याहीपेक्षा घेणाऱ्याची मान ताठ ठेवली. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या व्यापाऱ्याला जे उमगले होते, ते आज धान्याच्या पिशवीवर दात्याचे नाव छापून, घेणाऱ्यासह छायाचित्र काढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना उमगले आहे काय?

मूठभर धान्याचे सामर्थ्य

समाजाचा आधार केवळ श्रीमंतांच्या कोठारांतून येतो असे नाही. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. मुले शिकावयाची तर आधी ती जेवली पाहिजेत, हे त्यांनी जाणले होते. त्यासाठी गावोगावच्या घरांतून धान्य गोळा होई. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही त्या मुलांच्या मुखी घातले. दात्यांच्या मोठ्या यादीत त्या माउलीचे नाव कितव्या क्रमांकावर लिहावयाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९९३च्या सप्टेंबरात किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा श्री. शांतीलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. तात्कालिक अन्नवाटपावर न थांबता त्या मुलांच्या पुढील वर्षांची जबाबदारी घेणे, यालाच मी स्थितीकरण म्हणेन. यांतील बहुसंख्य मुले जैन नव्हती. जगडूशाहांच्या कोठारापुढेही कोणी कोणाचे गोत्र विचारले नव्हते. आपल्या माणसाची भूक ओळखावयास शिकलेला डोळा शेजाऱ्याची भूकही ओळखू लागतो.

त्या घराचे पुढे काय झाले

वाचकांना त्या भगिनीविषयी उत्सुकता असेल. संघात चर्चा न करता आम्ही चौघे जण एकत्र बसलो. पहिली अडचण निधीची आली. मंदिराच्या भांडारात रक्कम होती. पण देवद्रव्य श्रावकाच्या उपयोगात आणता येत नाही, ही मर्यादा आपणा सर्वांस मान्य आहे. सात क्षेत्रांपैकी श्रावक-श्राविका ही क्षेत्रे शेवटी येतात आणि आमच्या वह्यांत त्यांचे पान जवळजवळ कोरेच होते. चढाव्याची बोली लाखांत गेली होती. साधर्मिक खात्यात वर्षभरात जमा झालेली रक्कम एका कुटुंबाच्या दोन महिन्यांच्या किराण्यास पुरली नसती. ती वही पाहून आम्ही चौघेही काही काळ बोललो नाही.

मग काही गोष्टी ठरविल्या. त्या इतर संघांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे नोंदवितो. त्या घरी पिशवी पाठविली नाही; ते ज्या दुकानातून नेहमी किराणा भरत, तेथेच त्यांच्या खात्यावर दरमहा रक्कम जमा केली. मुलांची शाळेची फी थेट शाळेत भरली. देण्यांची यादी यजमानांकडूनच लिहून घेतली आणि ज्येष्ठ व्यापाऱ्यांनी प्रत्येक घेणेकऱ्याशी बसून हप्ते ठरविले. ज्याने बेकायदा व्याज लावले होते, त्यास २०१४च्या सावकारी नियमन अधिनियमाची शांतपणे आठवण करून दिली. हे सारे फक्त चौघांनाच ठाऊक असावे, असा नियम केला. आम्ही दिलेल्या रकमेस कर्जाऊ म्हणावे, असा आग्रह त्या गृहस्थांनी धरला. तो आम्ही आनंदाने मानला. कारण परत देण्याचा अधिकारही माणसाच्या अब्रूचाच भाग आहे.

दुकान वाचले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आम्ही फार उशिरा पोहोचलो होतो. यजमान आता एका आडतीच्या पेढीवर हिशेब पाहतात. त्या भगिनी खाकरे आणि पापड करतात आणि त्यांच्या मालाला आमच्या गावाबाहेरूनही मागणी आहे. थोरला मुलगा वाणिज्य शाखेत शिकतो आहे. घेतलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडली आहे.

गेल्या चातुर्मासात त्यांनी पुन्हा एकासणी केली. पहिल्या दिवशी पत्नीने चिंतेने त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काकू, डबे भरलेले आहेत. या वेळी केवळ तप आहे." त्या अनुमोदनेचा आनंद मी आयुष्यभर विसरणार नाही.

पर्युषण जवळ येत आहे. संवत्सरीस आपण सर्वांची क्षमा मागू; कळत-नकळत बोललेल्या शब्दांसाठी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणू. जे शब्द बोलावयास हवे होते आणि आपण बोललो नाही, जे दार ठोठावयास हवे होते आणि आपण त्यावरून पुढे गेलो, त्यांचीही क्षमा त्या दिवशी मागितली पाहिजे. आपल्या संघाच्या वहीतील साधर्मिक खात्याचे पान या वर्षी एकदा उघडून पाहावे आणि ते कोरे असेल तर पहिली ओळ आपल्या हाताने, पण आपले नाव न घालता, लिहावी, एवढीच वाचकांना विनंती आहे.

जय जिनेंद्र.